वाटेला चालेल असा जोडा

गडचिरोलीच्या बाजारातल्या एका जोड्यांच्या दुकानात भाऊंनी पिशवीतून सायकलचं पायडल काढलं आणि काउंटरवर ठेवलं. रबर कधीच झिजून गेलेलं, नुसत्या लोखंडी दांड्या उरलेलं, ऑइलनं काळं झालेलं पायडल. दुकानदारानं काच खराब होऊ नये म्हणून पटकन खाली वर्तमानपत्र सरकवलं. त्याच्या चेहऱ्यावर जराही नवल नव्हतं. हे दरवर्षीचंच असणार हे मी ओळखलं आणि दोन पावलं मागं सरकून, दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी उभी राहिले.

"या बाईले दाखवा," भाऊ म्हणाले. "तिले सायकल बी चालवाची हाये अन् पायी बी चालाचं हाये."

अख्खं दुकान माझ्या पायांकडे पाहू लागलं.

एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स म्हणून नुकतीच लागले होते. भाऊ त्याच उपकेंद्राचे मलेरियावाले. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची, हे काम ते वीसेक वर्षं करत होते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते वाचतील आणि पहिला प्रश्न विचारतील, "बाई, जोड्याचा नंबर लिहला का?" नंबर सात. लिहिला, भाऊ.

माझं माहेर चंद्रपूरकडच्या मूल गावचं. तिथं मी सायकलवर बसले होते ती मागच्या कॅरियरवर. उपकेंद्राच्या गावात आल्यावर आठ दिवसांत सायकल शिकले आणि नवव्या दिवशी कळलं की नुसती सायकल येऊन भागत नाही. आमच्या वाटा अशा होत्या की कोसभर सायकल चालवायची, मग नाला आला की उतरून वाळूतून ढकलायची, मग पुन्हा चालवायची, आणि शेवटच्या गावाआधी ती कुणाच्या तरी अंगणात ठेवून पायी डोंगर चढायचा. माझ्या पायात नोकरी लागली म्हणून वडिलांनी घेऊन दिलेल्या टाचेच्या सँडल. त्या पायडलवरून सटकायच्या, वाळूत रुतायच्या आणि चढावर मागून चावायच्या. दोन्ही टाचांना फोड आले. मी टेबलावर बसून बदलीचा अर्ज लिहायला घेतला. भाऊंनी अर्जाकडे पाहिलं, मग टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"बाई, बदली मागू नोका," ते म्हणाले, "जोडे बदला."

त्यामुळं आम्ही महिन्याच्या मीटिंगला एसटीनं गडचिरोलीला गेलो तेव्हा भाऊ माझ्यासाठी दुकानात आले. मीटिंग दुपारी एकलाच संपली होती, पण चार वाजेपर्यंत त्यांनी मला दुकानाची पायरी चढू दिली नाही. सबंध गावातून नुसतं फिरवलं.

"सकाळचा पाय खोटं बोलते, बाई. सकाळी कोणताबी जोडा त्याले गोड लागते. पायाले थकू द्या, सुजू द्या, मंग इचारा."

दुकानात त्यांची परीक्षा दोन पेपरांची असे. पहिला पेपर पायडलचा. जोड्यात एक हात घालायचा, खाली पायडल धरायचं आणि दाबायचं. मधल्या भागात आतल्या बोटांना लोखंडी दांडी लागली की जोडा नापास. दुसरा पेपर चालण्याचा. जोडा पुढून दोन बोटांनी वाकवायचा. पायाची बोटं जिथं वाकतात तिथंच तो वाकला पाहिजे, त्याच्या मागं नाही. मग तो घालून दुकानाची पायरी चाळीस वेळा चढायची आणि उतरायची, कारण चढावर टाच बोलते आणि उतारावर अंगठा. ही चढउतर त्यांनी मला साडी नेसून करायला लावली. पंचविसाव्या वेळेला रस्त्यावरचा एक भेळवाला मोजायला लागला.

दुकानदारानं चांगले खोल नक्षीचे, जाड तळाचे बूटही काढले होते. मला ते आवडले. भाऊंनी तळ उलटून पाहिला आणि डबा बंद करून परत दिला.

"हे नाई चालत."

"काऊन? पायडलवर पाहा तरी."

"नाई चालत म्हणजे नाई चालत."

महाग असतील म्हणून, असं मला वाटलं. शेवटी त्यांनी माझ्या पायात घातले ते शाळेतल्या पोरांचे पीटीचे पांढरे कापडी बूट. सपाट तळाचे, दोन्ही पेपरांत पास. त्या बुटांवर साडी कशी दिसते हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी माझ्यावर दया करावी. पण खरं सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी मी चार गावं केली आणि घरी येऊन पाय पाहिले तर एकही फोड नव्हता. बदलीचा अर्ज मी चुलीत घातला.

भाऊंना जोड्यांचं वेड होतं असं म्हटलं तर ते कमीच होईल. माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहायचे. नवीन डॉक्टर साहेब रुजू झाले तेव्हा सगळ्यांनी नमस्कार केला, भाऊ म्हणाले, "साहेब, हे तुमाले उतारावर तरास देतीन." उजव्या पँटच्या पायाला ते दोरीवर कपडे लावायचा चिमटा लावत, चेनमध्ये अडकू नये म्हणून, आणि तो काढायला विसरत. मुलीच्या साखरपुड्यात त्यांच्या नव्या पँटला हिरवा चिमटा होता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकदा जिल्ह्याहून एक अधिकारी तपासणीला आले. पॉलिश केलेले, टोकदार, चामड्याचे जोडे. म्हणाले, तुमची सगळी सहा गावं पाहायची आहेत. भाऊ म्हणाले, "साहेब, या जोड्यानं तीनच होतात." साहेब हसले. तिसऱ्या गावाच्या बांधावर डाव्या जोड्याचा तळ जीभ बाहेर काढून बसला. भाऊंनी पिशवीतून आपली जादा चप्पल काढून दिली. साहेबांनी तिथंच एका दगडावर बसून सहाही गावांच्या रजिस्टरवर सह्या केल्या, आणि जाताना विचारलं, "तुम्ही जोडे कुठून घेता?"

त्यांच्या आणखी दोन सवयी होत्या, ज्यांचा अर्थ मला फार उशिरा लागला. कुठल्याही घरी गेले की ते जोडे काढत आणि दाराशी आडवे पाडून ठेवत, तळ वाटेकडे करून. मी विचारलं, "विंचू जाऊ नये म्हणून का, भाऊ?"

"ते बी हाये," ते म्हणाले.

नवे जोडे आणले की पहिल्याच दिवशी विळा तापवून ते दोन्ही तळांवर टाचेशी दोन तिरप्या चिरा पाडत. नव्या जोड्याला चटका देताना पाहून माझाच जीव वर-खाली व्हायचा. विचारलं, "घसरू नये म्हणून?"

"ते बी हाये."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. तुम्ही काहीही कारण सुचवा, ते नाही म्हणत नसत. खरं कारण वेगळं आहे असंही सांगत नसत. मला वाटायचं, कारणच नाही, नुसती लहर आहे.

आमच्या सहा गावांतलं शेवटचं नाल्यापलीकडे होतं. पाठीमागं सूरजागडचे डोंगर, मध्ये दाट जंगल. वीस-बावीस घरं, सगळी माडिया आदिवासींची. तिथं लस टोचायला मिळावी म्हणून भाऊ पाच वर्षं नुसते जाऊन बसत होते. मी गेले तेव्हा मला त्यांच्या पुण्याईवर लगेच अंगणात बसायला मिळालं.

त्या गावात राजे नावाची बाई होती. वय असेल बावीस-तेवीस. दोन बाळंतपणं घरी झाली होती आणि दोन्ही मुलं त्याच दिवशी गेली होती. आता तिसरं. मी दर बुधवारी जाऊन तिच्या पोटाला हात लावत होते, लोहाच्या गोळ्या देत होते आणि एकच गोष्ट बोलत होते, की या वेळी दवाखान्यात चल. पावसाळाभर ती ऐकून नुसती हसली. दसऱ्याच्या सुमारास म्हणाली, "येतो." तिच्या नवऱ्याची आजी, दोन्ही गुडघे गेलेली, बाजेवरच असलेली म्हातारी, तिनं मान हलवली म्हणून राजे हो म्हणाली. त्या एका "येतो"साठी मी किती चालले ते माझे पांढरे बूट सांगतील. दिवाळीपर्यंत त्यांचा अंगठा बाहेर आला होता.

दिवाळीला मी घरी गेले आणि चंद्रपूरला जाऊन स्वतःच जोडे घ्यायचं ठरवलं. भाऊंची विद्या मला आता पाठ होती. शिवाय पीटीच्या बुटांवरून माहेरी चुलत बहिणींनी जी चेष्टा केली होती तिचाही राग होता. चार वाजेपर्यंत बाजारात फिरले. भावाच्या सायकलचं पायडल काढून पिशवीत नेलं होतं, ते काउंटरवर ठेवलं. दुकानदार दचकला, मला फार बरं वाटलं. घोट्यापर्यंतचे, हिरवट रंगाचे, जाड कापडाचे बूट मिळाले. तळाला बोटभर खोल नक्षी. पायडलवर दाबले, दांडी लागेना. वाकवले, नेमके बोटांशी वाकले. पायरी चाळीस वेळा चढले-उतरले, ना टाच बोलली ना अंगठा. दोन्ही पेपरांत पहिला नंबर. भाऊंनी गडचिरोलीला असेच परत केले होते ते आठवलं, आणि आपण गुरूच्या पुढं गेलो असं वाटून मी एसटीत खिडकीशी बसून हसत आले.

परत आले तर भाऊ रजेवर होते, मुलीच्या लग्नाची बोलणी करायला. बुधवारी मी एकटीच निघाले. सायकल नेहमीच्या घरी ठेवली, नाल्याची वाळू ओलांडली. त्या वाळूत मी पहिल्यांदाच न रुतता चालले. आधी गावापुढच्या चार घरांच्या वस्तीवर, टोल्यावर, जायचं आणि येताना गावात थांबायचं असं ठरवलं होतं, म्हणून बाहेरच्या बाहेर पुढं गेले. टोल्यावरची माणसं शेतावर होती, कुणी भेटलं नाही. दुपारी गावात आले.

गावात कुणी नव्हतं.

चुली धुमसत होत्या. एका चुलीवर भात करपत होता. मी तो उतरवून ठेवला. एक कोंबडी पिलं घेऊन अंगणातून फिरत होती. मी हाका मारल्या. राजेच्या घरी गेले तर म्हातारी एकटी बाजेवर होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराच्या मुंशीशी बोलून बोलून तिला मराठी येत होतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"तूच का ते?"

"काय मी?"

"बूट." आणि ती खोकला येईपर्यंत हसली. मग हसू थांबलं. "पोरी पाण्याले गेल्ती. वाळूत बूट पाह्यला. सारे पळाले. राजे बी पळाली. पोट घेऊन पळाली."

ती वर्षं अशी होती की त्या जंगलात असल्या नक्षीचे बूट घालणारी माणसं दोनच तऱ्हेची, वर्दीतली आणि जंगलातली. दोघांपैकी कुणीही आलं की गावाला प्रश्न विचारले जायचे, आणि उत्तर काहीही दिलं तरी ते दुसऱ्यांना आवडायचं नाही. म्हणून तसला पाय वाटेवर दिसला की गाव उठून रानात जायचं. मी हे ऐकून होते. पण माझ्या पायातल्या बुटांचा आणि त्या ऐकण्याचा संबंध मला लागला नव्हता. साडीतली बाई बुटांच्या वर असते, हे वाळूत उमटत नाही.

उन्हं कलेपर्यंत थांबले. लसीच्या डब्यातला बर्फ वितळला. कुणी आलं नाही. आठ महिन्यांची पोटुशी बाई कुठल्या तरी झुडपात माझ्या भीतीनं बसली होती, आणि तिला हाक मारायला रानात जावं तर तेच बूट घालून जावं लागणार होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पुढच्या बुधवारी जुने फाटके पांढरे बूट घालून गेले. गाव होतं, पण अंगणात कुणी बाज टाकली नाही. राजे सुखरूप होती, एवढं दारातून दिसलं. तिच्या नवऱ्यानं सांगितलं की ती आता दवाखान्यात येणार नाही. का, ते सांगितलं नाही. दिवस भरायला जेमतेम दोन आठवडे राहिले होते.

भाऊ रजेवरून आले त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं आणि रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाले, "जोडे कुठी हायेत?"

मी आणून दिले. मला वाटलं आता फेकून देतील. त्यांनी पिशवीतून पायडल काढलं, जोड्यात हात घातला, दाबलं. पुढून वाकवलं. टाचेची शिवण पाहिली. बराच वेळ पाहिली.

"जोडा चांगला पाह्यला, बाई," ते म्हणाले. "मी बी यापेक्षा चांगला नसता पाह्यला." मग त्यांनी तळ माझ्याकडे फिरवला. "पेपर तीन रायतात. पायडलचा, पायाचा अन् वाटेचा. वाटेवर जो पाय उमटते तो कोणाचा, हे लोकायले समजलं पायजे. तिसरा पेपर मी तुमाले सांगतलाच नाई. त्या दिवशी दुकानात चार लोकं होते, तिथी असं बोलता येत नाई. बाहेर आल्यावर सांगाचं, तं भेळ खाल्ली अन् राह्यलं. वीस वर्षं झाले, मले वाटते हे साऱ्यायले ठाऊकच हाये. चूक माही हाये."

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम दोन तिरप्या चिरा आल्या. दारात आडवे पाडलेले जोडे आले, तळ वाटेकडे केलेले. वीस वर्षं तो माणूस प्रत्येक अंगणात आपला पाय वाचायला ठेवत होता, आणि मी त्याला विंचवांबद्दल विचारत होते.

"मग मला सांगायचं नाही का, ते बी हाये, ते बी हाये काय!" मी चिडूनच म्हणाले.

"आता सांगतलं ना," भाऊ म्हणाले.

त्यांनी दुपारभर बसून चांभाराच्या रापीनं तळाची नक्षी तासून काढली. "पायडलवर जरासा घसरन," असं दर पाच मिनिटांनी हळहळत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नाल्याशी सायकली ठेवल्यावर ते म्हणाले, "बूट काढा. हातात धरा, तळ वर करून. आज बिनाजोड्यानं जाचं." आणि त्यांनी स्वतःचेही काढले.

भाऊंचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. वीस वर्षं जोड्यांनी सांभाळलेले, गोरेपान, तान्ह्या पोराचे असावेत तसे पाय. थंडीचे दिवस, वाळू गार. वाळू संपून मुरूम लागला तेव्हा त्यांची जी गत झाली ती सांगवत नाही. प्रत्येक खड्याला "आई गं", प्रत्येक काट्याला "मेलो बापा". एका पायावर उभे राहून काटा काढायचे आणि तोवर दुसऱ्या पायात दुसरा. मी पुढं, हातात बूट उलटे धरून, देवाला नैवेद्य नेतात तशी. गाव जवळ आलं तेव्हा पाण्याला निघालेल्या दोन पोरींनी आम्हाला पाहिलं आणि घागरी खाली ठेवून पोट धरून हसल्या. त्यांच्या हसण्यानं बाकीचं गाव बाहेर आलं. ज्या माणसाला त्यांनी वाटेवर कधी जोड्याशिवाय पाहिलं नव्हतं तो गोटुलापर्यंत, म्हणजे गाव जमतं त्या घरापर्यंत, लंगडी घालत येत होता.

गोटुलापुढच्या जमिनीवर मी बूट तळ वर करून ठेवले. भाऊ गोंडीत बोलले. मला थोडंच समजलं, पण "चूक" हा शब्द त्यांनी मराठीत वापरला आणि छातीला हात लावला. गायत्यानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, एक बूट उचलून तासलेल्या तळावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्याच्या हातात दिला. बूट हातोहात फिरत होते. तेवढ्यात घरातून म्हातारीची हाक आली. ते बूट तिच्याकडे पाहिजे होते.

तिची बाज अंगणात आणली. तिनं विळा मागितला, चुलीत तापवायला लावला, आणि माझा बूट मांडीवर घेऊन टाचेशी तीन चिरा पाडल्या, एका ठिकाणी मिळणाऱ्या. मागं एक बारकी चौथी. सगळे वाकून पाहायला लागले आणि मग एकच हशा झाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोंबडीचा पाय," भाऊ हसू दाबत म्हणाले. "म्हणते, बाई कोंबडीवानी घरोघर टोचत फिरते."

मीही हसले. हसता हसता वर पाहिलं तर राजे दारात उभी होती. तिनं बूट हातात घेऊन तो कोंबडीचा पाय नीट पाहिला, अंगठ्यानं दाबून पाहिला.

"त्या दिशी हेच घालून ये," ती म्हणाली. "वाळूत पाहीन. मंग येतो."

दहा दिवसांनी तिच्या नवऱ्याचा निरोप आला. आरोग्य केंद्राची जीप नाल्याअलीकडे उभी करून मी वाळूत उतरले. मुद्दाम टाच दाबत चालले, जमिनीत खिळे ठोकावे तशी. राजे पलीकडच्या काठावर उकिडवी बसली होती. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. मी दहा पावलांवर आले तेव्हा ती उठली, नवऱ्याचा खांदा धरून खाली उतरली, माझ्या मागं उमटलेल्या पायांकडे पाहिलं, आणि त्यांच्याच वरून चालत जीपकडे निघाली. मुलगी झाली. रडली. दुसऱ्या दिवशीही होती, तिसऱ्याही. मी बाकी काही सांगत नाही.

भाऊ निवृत्त होऊन सिंदेवाहीकडच्या आपल्या गावी गेले. मी आणखी पाच वर्षं त्याच उपकेंद्रावर राहिले. दरवर्षी नवे जोडे घेतले, आणि दरवर्षी ते आधी म्हातारीच्या बाजेवर गेले. ती गेल्यावर राजेनं विळा हातात घेतला.

परवाच्या उन्हाळ्यात भाऊंकडे गेले होते. दारात त्यांचे जोडे आडवे पाडलेले, तळ रस्त्याकडे. डांबरी रस्ता, जाणारे-येणारे सगळे मोटारसायकलवर.

"इथी कोणी पाहतच नाई, बाई," भाऊ तक्रारीच्या सुरात म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, काई पत्ता लागत नाई."

मी चपला काढून आत गेले. वहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माझ्याही चपला आडव्या होत्या, तळ रस्त्याकडे.

"घ्या! एक होता, आता दोन झाले," वहिनी म्हणाल्या.

चहा घेता घेता मी बातमी सांगितली. राजेची मुलगी या वर्षी आश्रमशाळेत जाणार. तिच्यासाठी मी एटापल्लीच्या बाजारातून शाळेचे बूट नेले. संध्याकाळी चार वाजता घेतले, पुढून वाकवून घेतले.

"पायडलवर पाह्यले का?"

"तिच्याकडे सायकल कुठे आहे, भाऊ?"

"सायकल येईन," ते म्हणाले, उठले, आतल्या खोलीत गेले आणि ते काळं पायडल जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माझ्या हातात ठेवलं. "तवा लागन. अन् तिसरा पेपर तिले आधी सांगा. मी चुकलो तसं करू नोका."

"तो झाला," मी म्हणाले. "बूट पोरीच्या पायात जायच्या आधी राजेनं विळा तापवला. कोंबडीचा पाय काढला, माझाच."

कप खाली ठेवून भाऊंनी पँटचा चिमटा चाचपला. तो होताच.

"पण भाऊ, शाळेच्या आवारात तिचा पाय कोण ओळखणार आहे?" मी म्हणाले. "आता ती भीतीही तितकी राहिली नाही. मायेनंच केलं असेल."

"ते बी हाये," भाऊ म्हणाले.